तापाचं पंचांग

धुपेखोल गावात दोन पंचांगं होती. एक भिंतीवरचं, लग्नमुहूर्तापुरतं कुणीतरी उघडायचं. दुसरं दर गुरुवारी सकाळी सात वाजता प्रत्येकाच्या फोनवर यायचं. त्यात तिथी नव्हती की नक्षत्र नव्हतं, फक्त वाडीचं नाव आणि पुढे एक रंग. हिरवा असेल तर खुशाल रानात जावं, पिवळा असेल तर औषधी तेल चोपडून आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून जावं, लाल असेल तर तीन आठवडे रानाचं नाव काढू नये. सरकारी कागदांत त्याचं नाव 'ऋतुवेध' होतं. खोऱ्यातली माणसं त्याला तापाचं पंचांग म्हणत, आणि भिंतीवरल्या पंचांगापेक्षा त्याला जास्त भीत.

हे पंचांग मांडणारी बाई धुपेखोलचीच होती. दर्शना गवस, वय चौतीस, गणितातली डॉक्टर, पुण्याला साथरोगांच्या एका सरकारी कक्षात बसून सह्याद्रीच्या पायथ्याच्या या काजूच्या खोऱ्यावर नजर ठेवणारी. उंटावरून शेळ्या हाकते, असं गावातले काहीजण म्हणत, पण तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आईवडील ती लहान असतानाच गेले. बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या सगुणदादाने तिला वाढवलं, शिकवलं. दादाची बायको सुवर्णा घरात आली तेव्हा दर्शना नववीत होती. रानातून आलेल्या नणंदेला पडवीत बसवून, पायांना खोबरेल लावून सुवर्णा एकेक गोचीड काढायची आणि काढताना भुतांच्या गोष्टी सांगायची. दर्शनाला आई आठवत नसे. आई म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर वहिनीच येई.

माकडतापाचं गणित समजायला तसं अवघड नाही. या तापाचा विषाणू गोचिडीत राहतो. पावसाळा सरला, पानगळ सुरू झाली, की मोहरीएवढी पिल्लं पाचोळ्यात दिसू लागतात. थंडीभर ती वाढत जातात, फेब्रुवारीत त्यांची गर्दी शिगेला पोचते आणि वळीव पडला की ओसरते. जो अंगाजवळ येईल त्याचं रक्त ती पितात, मग तो उंदीर असो, वानर असो, नाहीतर काजू वेचणारी बाई असो. उंदराला काही होत नाही. वानर मात्र पटापट मरतात. मेलेल्या वानराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या शेकडो गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात नव्या रक्ताची वाट बघत बसतात. माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही. माणूस या साखळीत चुकून सापडतो, आणि तिथेच साखळी संपते.

दर्शनाच्या समीकरणांत ऋतू म्हणजे एक टेकडी होती. चढ, माथा आणि उतार. टेकडीची उंची किती आणि तिचा माथा कोणत्या आठवड्यात, या दोन गोष्टी कळल्या की पुढचं गणित आपोआप चालत असे. पण पाचोळ्यातल्या गोचिडी मोजणार कोण? पांढरं फ्लॅनेलचं कापड रानातून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या, एवढी एकच खात्रीची रीत होती, आणि ती अख्ख्या खोऱ्यात फक्त बारा ठिकाणी जमत असे. म्हणून जे दिसत नाही त्याचा माग जे दिसतं त्यावरून काढायचा. ऊन आणि ओलावा उपग्रह सांगे. मेलेल्या वानराची खबर गावकरी देत. सगळ्यांत जास्त वजन या खबरीला होतं. वानर आधी मरतो आणि माणूस त्यानंतर आठदहा दिवसांनी अंथरुणाला खिळतो. त्या आठदहा दिवसांत रान बंद केलं की माणूस वाचतो.

आणि माणसं वाचली होती. पंचांग सुरू व्हायच्या आधी खोऱ्यात दर साल दहाबारा माणसं जात. पहिल्या साली, म्हणजे २०३५ साली, दोनच गेली. दुसऱ्या साली एकही नाही. त्या साली ग्रामसभेत दर्शनाचा नारळ देऊन सत्कार झाला. तिनेही मग जरा जीभ मोकळी सोडून भाषण केलं. हे यंत्र वरून बघतं, आकाशातून, त्याच्या नजरेतून रानातलं पानही सुटत नाही, असं ती म्हणाली. टाळ्या पडल्या. वानरांच्या खबरींविषयी ती फारसं बोलली नाही. उपग्रहापुढे मेलेल्या वानराचं कौतुक कोण ऐकणार?

पण ज्या साली कुणी मेलं नाही, त्याच सालापासून लोक विचारू लागले की ताप आहे तरी कुठे. या खोऱ्यातला काजू लवकरचा. जानेवारीअखेर बोंडू गळायला लागतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत वेचणी आटोपते. रोजच्या रोज वेचलं नाही तर बी काळी पडते, बोंडू कुजून वाडीभर आंबूस वास सुटतो. लोक उंबऱ्यात बसून तो वास घेत आणि पंचांगाला शिव्या देत. शिवाय वानराची खबर दिली की आरोग्य खात्याची माणसं पांढऱ्या डगल्यांत येत, वानर पिवळ्या पिशवीत घालत आणि जागीच जाळत. नियमावली दर्शनानेच लिहिली होती. धुपेखोलच्या माणसांना हे फार लागलं. त्यांच्याकडे मेलेला वानर मारुतीचा. त्याला बसवून, लाल फडक्यात गुंडाळून, नारळ फोडून मूठमाती द्यायची, आणि तिसऱ्या दिवशी घरच्या बाईने त्या जागी गूळभाताचं पान ठेवायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अख्ख्या खोऱ्यात हा मान एकाच घराचा होता, गवसांचा. म्हणजे दर्शनाच्याच घरचा.

तेव्हा पुढे काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको. खबर द्यावी तर देवाचं जनावर पिशवीत जळतं आणि वर वाडी लाल होते. असं हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? २०३७ च्या फेब्रुवारीत खोऱ्यातून वानराची एकही खबर आली नाही. मार्चच्या मध्यानंतर, वेचणी आटोपली की, खबरी पुन्हा येऊ लागत, कारण तेव्हा प्रामाणिक राहायला कुणाला काही मोजावं लागत नव्हतं. फेब्रुवारीत कुणाला ताप आलाच तर घरचे त्याला सीमेपलीकडे गोव्यात नेत आणि इस्पितळात तिथल्या पाहुण्यांचा पत्ता देत.

दर्शनाच्या समीकरणाला यातलं काहीच कळायला वाव नव्हता. माणूस खोटं बोलेल, अशी राशी तिने त्यात मांडलीच नव्हती. फेब्रुवारीत वानर मरत नाहीत, मार्चअखेर मरतात, याचा समीकरणाला एकच अर्थ लागत होता, तो म्हणजे टेकडीचा माथा पुढे सरकला. दुसऱ्या साली पुन्हा तसंच झालं, तेव्हा दर्शनाने निष्कर्ष काढला की हवामान बदलल्यामुळे माकडतापाचा हंगाम पाच आठवडे पुढे गेला आहे. तिचा शोधनिबंध जगभर वाचला गेला. कक्षाचे प्रमुख डॉ. आठल्ये यांनी त्यावर दोन परिषदा गाजवल्या. ऋतू कसे हलतात ते या मुलीने सिद्ध केलं, असं ते जिथे तिथे सांगत, आणि ऐकायला ते कुणालाही आवडण्यासारखंच होतं.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. पांढऱ्या कापडावरचे आकडे हलायला तयार नव्हते. २०३९ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धुपेखोलच्या कापडावर तासाभरात एक्केचाळीस गोचिडी आल्या. समीकरण म्हणत होतं, नऊ. दर्शनाने आठल्यांना विचारलं. ते म्हणाले, बारातल्या एका जागेवर काय जातेस, कापड ओढणारा माणूस नवा असेल. कापड ओढणारा माणूस चौथ्या वर्षीही तोच होता, हे तिला ठाऊक होतं. तरी ती गप्प बसली. एक्केचाळीस खरे मानले तर निबंध खोटा ठरत होता, आणि निबंध तिला फार आवडला होता. वानराला मूठमाती देणाऱ्या घरात जी वाढली, तिलाच वानर कुठे गेले असतील हे सुचू नये? लोकांना नंतर हे खरं वाटेना. पण सुचलं नव्हतं हे खरंच. माणसाला जे सुचणं गैरसोयीचं असतं, ते भल्या हुशार माणसालाही सुचत नाही.

सव्वीस फेब्रुवारीला दुपारी सगुणचा फोन आला. सुवर्णाला तीन दिवस ताप आहे, डोकं फुटतंय म्हणते, हिरड्यांतून रक्त येतंय, असं त्याने सांगितलं. गोव्यात मोठ्या इस्पितळात आणलं आहे, म्हणाला. आवाज अगदी साधा होता, बाजारातून फोन केल्यासारखा. दर्शनाने ऐकता ऐकता समोरच्या पडद्यावर धुपेखोल, गवसवाडी उघडून पाहिली. रंग हिरवा होता. तिला प्रथम वाटलं ते असं, की मग हा माकडताप नसणार. पुढे कितीतरी दिवस तिला या वाटण्याची लाज वाटत राहिली.

ती पोचली तेव्हा सुवर्णाचा ताप थोडा उतरला होता. या आजारात तो मध्येच उतरतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. सुवर्णा उशीला टेकून बसली होती, डोळे लाल, ओठ फुटलेले. नणंदेला बघून हसली आणि जेवलीस का म्हणून विचारलं. दर्शनाने हातपाय तपासले. उजव्या घोट्याच्या मागे, जिथे कातडी मऊ असते तिथे, चाव्याची काळी खूण होती. गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे गेली होतीस, असं तिने खात्यातल्या माणसासारखं विचारलं. सुवर्णाने नवऱ्याकडे पाहिलं. सगुण उठून बाहेर गेला.

"पान ठेवूक गेल्लंय," सुवर्णा म्हणाली. "सातविणीखाली. तिसरो दिवस होतो."

"कोणाचो तिसरो दिवस?"

"वांदराचो. आणि कोणाचो?"

 दर्शनाने विचारलं, बूट घातले होतेस का? गेल्या दोनतीन सालांत वाडी लाल असताना पान ठेवायची पाळी आली, तर सुवर्णा खात्याने दिलेले बूट घालून आणि तेल चोपडून जात असे, देवाला कळतं म्हणत असे. हे दर्शनाला वहिनीच्या बोलण्यातून आता कळत होतं.

"देवाच्या कामाक बूट कोण घालता, बाय? लाल आसता तेवा घालूकच लागतत. पण आता हिरवा होता." जरा थांबून तिने नणंदेच्या हातावर हात ठेवला. "तुजाच पंचांग. मगे कसला भ्या?"

दोन दिवसांनी ताप पुन्हा चढला. तो चढणार हे डॉक्टरांना माहीत होतं आणि दर्शनालाही माहीत होतं. तीन मार्चला सकाळी सुवर्णा गेली. वय चव्वेचाळीस.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, माणसांची ये-जा जरा कमी झाली तेव्हा दर्शना दादासमोर मागल्या पडवीत बसली. तिला ओरडायचं होतं. तिने फक्त विचारलं, किती वानर पुरलेस?  सगुण म्हणाला, औंदा अकरा. एकट्या गवसवाडीत नव्हे, खोऱ्यातल्या सात वाड्यांत. मान त्याचाच, त्यामुळे बोलावणं त्यालाच येत होतं. मागच्या दोन सालांचे आकडे त्याला सांगवेनात.

"तुमी वांदर लपयलास म्हणान हिरवा होता, दादा," ती म्हणाली. "तो हिरवा तुमीच केल्लास. आणि त्याच हिरव्यार विश्वासून वयनीक अनवाणी धाडलास?"

सगुणने बहिणीकडे पाहिलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"आमी वांदर लपयलो, तो तुजी माणसा येवन जाळतत म्हणान. यंत्राक फसवूक नाय. तूच सांगलंस, ता वरसून बघता. वांदर नाय कळलो तरी ताप आसलो तर ता लाल करतलाच, असाच आमका वाटला. हिरवा इला तेवा आमी म्हटला, म्हणजे ताप खराच नाय."

खोऱ्यातल्या प्रत्येक घरात हाच हिशेब झाला होता. ज्यांनी खबर दाबली, त्यांनीच गुरुवारी फोन उघडून हिरवा रंग पाहिला आणि सुटकेचा श्वास सोडून बायकामुलांना काजू वेचायला पाठवलं. आपल्याच हाताने पुसलेलं कुंकू आरशात शोधावं तसा हा प्रकार. दर्शनाला त्यांना हसताही येईना, कारण पुण्यात बसून तिनेही वेगळं काही केलं नव्हतं. गावाने तिला खोटी माहिती दिली, तिने त्या माहितीचा ऋतू बनवला, आणि तो ऋतू गावाला परत दिला. गावाने तो देवाचा शब्द मानला.

आता करायचं काय, ते स्पष्ट होतं. एक माणूस गेल्यामुळे गवसवाडी लाल झाली होती, पण उरलेल्या वाड्या अजून हिरव्याच होत्या आणि वेचणी अजून संपली नव्हती. बुधवारी दुपारपर्यंत अकरा वानरांच्या नोंदी गेल्या तर गुरुवारी सगळं खोरं लाल होणार होतं. मात्र खोट्या खबरी येऊ नयेत म्हणून यंत्र निनावी नोंद घेत नसे. ज्याने वानर पाहिला, त्याचं नाव आणि अंगठा लागे. म्हणजे सगुणचा. खबर दडवणं हा साथीच्या कायद्याखाली गुन्हा होता. गावाने त्याला माफ केलं नसतं ते निराळंच.

दर्शनाने दादाला तारखा विचारल्या. त्याने एकेक करून जागा आणि दिवस सांगितले. कुठला वानर नर होता, कुठल्या मादीच्या पोटाशी पिल्लू होतं, हे सगळं त्याला आठवत होतं. तिने ते आपल्या संगणकात घातलं, नोंद म्हणून नव्हे, नुसतं पडताळून पाहायला. समीकरण काही सेकंद चाललं आणि टेकडीचा माथा पाच आठवडे मागे सरकला, पूर्वी होता तिथे, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. पांढऱ्या कापडावरच्या एक्केचाळीस गोचिडी टेकडीच्या चढावर बरोबर बसल्या. ऋतू कुठेही गेला नव्हता.

मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी करायची काही गरज नव्हती. बाकीचे दहा वानर काढून टाकले आणि फक्त पहिला ठेवला, तीस जानेवारीचा, गवसवाडीतलाच. त्या एका खबरीवर वाडी तीन फेब्रुवारीला लाल झाली असती आणि चोवीसपर्यंत लाल राहिली असती. सुवर्णा पान ठेवायला गेली ती अठरा तारखेला. गणित कधी 'वाचली असती' असं म्हणत नाही, ते शक्यता सांगतं. बूट आणि तेल असतं तर तिला चावा बसण्याची शक्यता चारशेत एक. नव्हतं म्हणून सहात एक. दर्शनाने पडदा मिटला.

सगुण हे सगळं बघत होता. त्याला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा तो लहानपणापासून वाचत आला होता. नोंदीच्या अर्जावर अंगठा उमटवायला त्याने हात पुढे केला आणि तो तसाच राहू देऊन विचारलं, "पयलोच वांदर कळवलो असतो, तर सुवर्णा वाचली असती?"

पाच दिवसांत तो धड जेवला नव्हता. दाढी पांढरी वाढली होती. या माणसाने तिच्या कॉलेजसाठी आपली जागा विकली नव्हती की कुठला मोठा त्याग केला नव्हता. तो फक्त दर शनिवारी पंचवीस किलोमीटर सायकल मारून वसतिगृहावर तिला भेटायला यायचा आणि दहा मिनिटं बसून परत जायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावायचं कुणाला?

"नाय दादा," ती म्हणाली. "एका वांदरान काय फरक पडलो नसतो."

सगुणने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. दर्शनाला वाटलं, गणित शिकून आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाचं तरी भलं केलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नदीपलीकडच्या देऊळवाडीतून होता. काजूच्या बागेत वानर पडला आहे, आजचाच, बाया वेचायला आल्या आहेत, लवकर ये, एवढंच बोलणं झालं. सगुण उठला. कोपऱ्यातलं फावडं त्याने उचललं, खुंटीवरचं लाल फडकं खांद्यावर टाकलं. दर्शनाने विचारलं, अर्जाचं काय? तो अंगणात थांबला. तो चिडलेला नव्हता. समजूत काढावी तसं बोलला.

"तूच आता म्हटलंस, फरक पडणा नाय. मगे सांगान उपेग काय? लोकांचा काजू कुजवूचो, देवाचा जनावर जाळूचा, आणि माणसा मरूची ती मरतलीच."

देऊळवाडीच्या बागेत त्या वेळी चाळीसएक बाया होत्या. वानराचं अंग थंड पडायला लागलं असणार. दर्शनाला तो आकडा लगेच मनात करता आला, कितीजणींना चावा बसेल आणि त्यांतल्या किती जातील. तिला वाटलं, आपण हे नंतर सांगू, दादा परत आल्यावर, नाहीतर उद्या. बुधवारी दुपारपर्यंत वेळ आहे. मग तिला कळलं की पांढऱ्या कापडाच्या वेळीही आपण असेच गप्प बसलो होतो. ती धावत अंगणात गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, मी खोटा बोललंय. फरक पडलो असतो. एकच वांदर कळवलो असतो तर वाडी लाल झाली असती. वयनी बूट घालून गेली असती. ती वाचली असती."

 सगुणने फावडं भिंतीला नीट टेकवून ठेवलं. खांद्यावरचं फडकं काढून घडी घातली. मग पडवीत येऊन बसला आणि संगणकाकडे बोट दाखवलं. दर्शनाने एकेक अर्ज समोर धरला आणि तो अंगठा उमटवत गेला, अकरा वेळा आणि देऊळवाडीच्या वानरासाठी बारावी वेळ. देऊळवाडीतल्या बायांना बागेबाहेर काढायचा फोनही त्यानेच केला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

गुरुवारी खोरं लाल झालं. नंतरच्या आठवड्यांत आठजणांना ताप आला, पण सगळे वेळेवर इस्पितळात पोचले आणि त्या साली आणखी कुणी दगावलं नाही. जे मेले नाहीत त्यांनी आभार मानायला यावं अशी जगाची रीत नाही. काजू कुजला, आणि तो कुणामुळे कुजला हे सगळ्यांना माहीत होतं. सगुणवर गुन्हा नोंदला गेला. तक्रारीवर सही दर्शनाच्याच खात्याची होती. गावाने मूठमातीचा मान गवसांच्या घरातून काढून दुसऱ्या घराला दिला. दर्शनाने शोधनिबंध मागे घेतला. आठल्ये म्हणाले, इतकी घाई नको होती, दुरुस्तीची टीप देऊन भागलं असतं. नव्या समीकरणात तिने एक राशी वाढवली, माणसं किती खबरी दडवतील त्याची. तिची किंमत किती धरावी यावर कक्षात अजून वाद चालू आहे.

सगुण तेव्हापासून तिच्याशी बोललेला नाही. ती फोन करते, तो उचलत नाही. ती घरी गेली तर तिच्यासमोर ताट ठेवतो आणि बाहेर निघून जातो. मात्र खोऱ्यात कुठेही वानर पडला की पहिली नोंद त्याची येते. जागा, वेळ, नर की मादी, सगळं बिनचूक. अर्जाच्या शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' अशी एक मोकळी चौकट असते. बाकीचे लोक तीत काहीबाही लिहितात. सगुणची चौकट रिकामी असते. नोंद आली की दर्शना जागा आणि वेळ नंतर बघते, आधी ती चौकट उघडते.